स्फटिकाचें माप

महाभारताच्या सभापर्वांतील मयसभेचा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नसेल असें वाटत नाहीं. मयासुरानें पांडवांसाठीं बांधिलेल्या त्या सभेंत दुर्योधन हिंडूं लागला, तेव्हां स्फटिकाची भूमि पाहून तेथें पाणी आहे अशा समजुतीनें त्यानें वस्त्रें सांवरलीं. पुढें खरेंच पाणी आलें, तेव्हां तें स्फटिक समजून तो वस्त्रांसह त्यांत पडला. आणि स्फटिकाचें दार बंद असतां वाट मोकळी आहे असें मानून त्यानें आपलें कपाळ आपटून घेतलें. पाहणारे हंसले, आणि त्या हंसण्याचा परिणाम पुढें काय झाला हें सर्वांस विदितच आहे. या कथेचें तात्पर्य सांगतांना पुराणिक बहुधा दुर्योधनाच्या मत्सराकडे बोट दाखवितात. परंतु मत्सर क्षणभर बाजूस ठेवला, तर येथें झालेली चूक मत्सराची नसून दृष्टीची होती, आणि ती कोणाचीही झाली असती, असें कबूल करावें लागेल. जें अगदीं स्वच्छ आहे, ज्याच्या आरपार दिसतें, तें आहे कीं नाहीं, असल्यास कोठें आहे, आणि त्याचा आकार कोणता, हें डोळ्यांनीं ओळखावें कसें? हा प्रश्न आज मोजमापाच्या शास्त्रापुढेंही उभा आहे. त्या शास्त्रानें त्यास दिलेलीं उत्तरें वाचीत असतां, प्रश्न केवळ कांचेचा नसून माणसांचाही आहे अशी आमची खात्री झाली. ती कशी, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

वस्तूचा आकार लेसर किरणांनीं मोजण्याची रीत मुळांत सोपी आहे. यंत्रांतून प्रकाशाची एक बारीक रेघ वस्तूवर पाडावयाची, आणि बाजूस ठराविक अंतरावर कॅमेरा ठेवून ती रेघ कोठें पडली हें पाहावयाचें. वस्तु जेथें उंच असेल तेथें रेघ एकीकडे सरकलेली दिसते, जेथें खोल असेल तेथें दुसरीकडे. किरणाची दिशा ठाऊक, कॅमेऱ्याची दिशा ठाऊक, आणि दोहोंमधील अंतरही ठाऊक. म्हणजे त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन हातीं आले. मग तिसरा बिंदु कोठें आहे, हें शाळेंतला मुलगाही गणित करून सांगेल. १८०२ सालीं मद्रासेजवळ आरंभ झालेल्या हिंदुस्थानच्या मोठ्या मोजणींत दूरदूरच्या स्थळांचे बिंदु याच युक्तीनें निश्चित केले गेले. फरक इतकाच कीं, तेथें त्रिकोणाच्या बाजू मैलांच्या होत्या, येथें त्या हातभर लांबीच्या आहेत. रेघ वस्तूवरून हळूहळू फिरवीत नेली, कीं असे लक्षावधि बिंदु मिळून वस्तूचा संपूर्ण आकार गणकयंत्रांत उतरतो. १९९९ सालीं अमेरिकेंतील स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या मंडळींनीं फ्लॉरेन्स येथील मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पांच मीटरांहून उंच पुतळा या रीतीनें मोजला. छिन्नीच्या खुणा टिपतां येतील इतकें तें माप बारीक होतें.

परंतु या सर्व खटाटोपास एक अट आहे. किरण वस्तूवर पडतांच वस्तूनें त्यास अडविलें पाहिजे, आणि अडवून चहूंकडे विखुरलें पाहिजे. तरच बाजूच्या कॅमेऱ्यास ती रेघ दिसेल. दगड, लांकूड, माती यांच्याकडून ही अट सहज पुरी होते. कांचेकडून होत नाहीं. कांचेवर सरळ पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं सुमारें चारच भाग पृष्ठभागावरून परततात, आणि तेही आरशावरून परतावे तसे एकाच दिशेनें. कॅमेरा नेमका त्या दिशेस नसला तर त्यांचा कांहीं उपयोग नाहीं. बाकीचा प्रकाश आंत शिरतो, वांकतो, मागच्या पृष्ठावरून पुन्हां थोडासा परततो, आणि उरलेला पलीकडे निघून जाऊन मागच्या भिंतीवर आपली रेघ काढतो. यंत्रास दिसते ती ही भिंतीवरील रेघ. मग तें कधीं वस्तूच्या जागीं नुसतें भोंक दाखवितें. आणि कधीं, जें अधिक वाईट, तेथें नसलेले खळगे व उंचवटे मोठ्या आत्मविश्वासानें काढून ठेवतें. सारांश, लक्षावधि बिंदु मोजणारें यंत्र आणि मयसभेंतला दुर्योधन हे कांचेपुढें एकाच पंक्तीस बसतात.

यावरून एक विचार मनांत येतो. आपण ‘वस्तु पाहिली’ असें म्हणतों, तेव्हां वास्तविक काय पाहतों? त्या वस्तूनें प्रकाशास केलेला विरोध. ज्यानें कोठेंच अडविलें नाहीं, तें आपल्या दृष्टीस नाहींसारखेंच. माणसांच्या ओळखीचाही बहुतेक हाच नियम आहे. घरांतील हट्टी काका, कचेरींतील तिरसट वरिष्ठ, शेजारचा भांडखोर गृहस्थ, यांच्या स्वभावाचे कानेकोपरे आपणांस तोंडपाठ असतात; कारण आपली इच्छा त्यांच्यावर वेळोवेळीं आपटून परत आलेली असते. उलट ज्यांनीं आपल्या इच्छेस कधीं अडथळा केला नाहीं, त्यांच्या आरपार पाहून आपण पलीकडची भिंत मोजतों, आणि तेंच त्यांचें माप म्हणून लिहून ठेवतों.

हें आम्ही परोपदेशाच्या पांडित्यानें लिहीत नाहीं. आमच्या एकत्र कुटुंबांत आमच्या मोठ्या काकू होत्या. त्यांस मूलबाळ नव्हतें, आणि घरांतील सर्व मुलें त्यांचींच होतीं. त्या सर्वांच्या आधीं उठत आणि सर्वांच्या मागून जेवत. ‘काकू, आज भाजी कोणती करावयाची?’ असें विचारलें, कीं ‘तुम्हांला हवी ती’ हें उत्तर ठरलेलें. जणूं प्रश्न त्यांच्यांतून आरपार जाऊन आमचीच आवड घेऊन आमच्याकडे परत येई. कांहीं वर्षांपूर्वीं त्या गेल्या. तेराव्या दिवशीं, घरांत प्राध्यापक म्हणून, दोन शब्द बोलण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्ही उठून उभे राहिलों आणि त्यागमूर्ति, वात्सल्याचा झरा, घराचा आधारस्तंभ इत्यादि शब्दांनीं दहा मिनिटें बोललों. मंडळींचे डोळे पाणावले. नंतर पानें वाढली जात असतां आमच्या पुतणीनें जवळ येऊन सहज विचारलें, ‘काका, मोठ्या आजीला स्वतःला काय आवडायचें हो?’ आम्हांस सांगतां येईना. आम्हीं आमच्या बंधूंस विचारलें, वहिनींस विचारलें. ज्यांनीं त्यांच्या हातचें वर्षानुवर्षें खाल्लें होतें अशीं तीसचाळीस माणसें त्या दिवशीं घरांत होतीं. त्यांतील एकासही सांगतां आलें नाहीं.

आतां कांच मोजूं पाहणाऱ्यांनीं पहिला उपाय कोणता काढला तो पाहूं. त्यांनीं कांचेवर पांढऱ्या भुकटीचा फवारा मारला. टिटॅनियम डायॉक्साइडसारख्या द्रव्याचा पातळ थर बसला, कीं कांच खडूसारखी दिसूं लागते. प्रकाश अडतो, विखुरतो, आणि यंत्र समाधानानें आपलें काम करतें. कारखान्यांतून हा उपाय सर्रास चालतो आणि पुष्कळ प्रसंगीं तो पुरेसाही असतो. परंतु त्यांत दोन दोष आहेत. एक असा कीं, आपण मोजतों तें कांचेचें पृष्ठ नव्हे, तर भुकटीचें. थर कांहीं मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या कांहीं हजारांश भागांचा, असला तरी तो सर्वत्र सारखा बसत नाहीं, आणि जेथें बारीक मापाची गरज असते तेथें तेवढीच चूक महत्त्वाची ठरते. दुसरा दोष असा कीं, प्रत्येक वस्तु हा लेप सोसेलच असें नाहीं. दोन हजार वर्षांपूर्वींच्या रोमन कांचपात्रावर भुकटी फवारून तें मागाहून पुसून काढण्याचें धाडस कोणता वस्तुसंग्राहक करील? म्हणून पुढें कापराप्रमाणें कांहीं वेळानें आपोआप उडून जाणारे लेप निघाले. मापापुरतें थांबावें आणि काम होतांच नाहींसें व्हावें, हा त्यांचा गुण.

आमचें तेराव्या दिवसाचें भाषण म्हणजे असाच एक फवारा होता, हें आतां निराळें सांगावयास नकोच. ‘त्यागमूर्ति’ हा शब्द कोणत्याही काकूंवर, मावशीवर, आईवर सारखाच बसतो; त्याखालीं ती विशिष्ट व्यक्ति कशी होती हें त्यांतून कळत नाहीं. आणि कापराच्या लेपाचा गुणही त्या शब्दाच्या अंगीं नाहीं. एकदां बसला कीं तो उडत नाहीं. निंदेचा चिखल कोणी धुऊन तरी काढील. स्तुतीची भुकटी कोण झटकणार? आपल्या प्राचीन तत्त्वज्ञांनीं हा प्रकार फार पूर्वीं ओळखला होता. स्फटिकाजवळ जास्वंदीचें फूल ठेवलें, तर स्फटिक तांबडा भासतो. तो तांबडेपणा स्फटिकाचा नव्हे, शेजारच्या उपाधीचा, हा दृष्टांत आमच्या वाचकांस परिचित आहे. भुकटी ही तशीच एक उपाधि. फरक एवढाच कीं, फूल तेथें दुसऱ्या कोणीं तरी ठेवलेलें असतें. भुकटी मात्र पाहणारा आपल्या सोयीसाठीं आपल्या हातानें लावतो.

यावर कोणी विचारशील वाचक असा आक्षेप घेईल कीं, उपाधीवांचून ज्ञान कोठें असतें काय? जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें तर अठराव्या शतकांतच दाखवून दिलें कीं, वस्तु स्वतः कशी आहे हें आपणांस कळत नाहीं. आपल्या बुद्धीच्या सांच्यांतून ती जशी उतरते तशीच कळते. मग थोडी भुकटी लाविली तर बिघडलें काय? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचा पूर्वार्ध आम्हांस मान्यही आहे. जाणणाऱ्याचें कांहींच न मिसळतां ज्ञान होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जाणण्यासाठीं कांहीं तरी बदलावेंच लागत असेल, तर तें कोणीं बदलावें, वस्तूनें कीं पाहणारानें, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. आणि आमच्या मतें तो केवळ ज्ञानाचा नसून नीतीचा प्रश्न आहे. कांच मोजण्याचा दुसरा उपाय याच ठिकाणीं उपयोगी पडतो.

बारामती येथें १९३८ सालीं जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले कुमार पटेल यांनीं १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कार्बन डायॉक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. या लेसरचा किरण डोळ्यांस दिसत नाहीं. आपणांस दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगांची लांबी सुमारें ०·४ पासून ०·७ मायक्रॉनपर्यंत असते. याची सुमारें १०·६ मायक्रॉन आहे. आणि मौज अशी कीं, जी कांच सूर्यप्रकाशास खुशाल वाट देते, तीच या किरणास अगदीं वरच्या थरांत अडवून धरते. या किरणापुढें कांच ही दगडासारखी अपारदर्शक आहे. फ्रान्समधील बर्गंडी विद्यापीठाच्या ल क्रूझो येथील संशोधकांनीं २००९ सालीं याचाच उपयोग केला. त्यांनीं कांचेच्या एकेका बिंदूवर हा किरण टाकून तो बिंदु किंचित् ऊन केला, आणि उष्णता पाहूं शकणाऱ्या कॅमेऱ्यानें ती ऊब कोठें उमटली हें टिपलें. पुढला त्रिकोण तोच, गणित तेंच. कांचेवर भुकटी नाहीं, लेप नाहीं. बदलला तो पाहणाराचा प्रकाश. याच्या उलट उदाहरणही आहे. जर्मेनियम हें मूलद्रव्य आपल्या डोळ्यांस पोलादासारखें चकचकीत व अपारदर्शक दिसतें. परंतु उष्णतेच्या किरणांस त्यांतून सुखानें जातां येतें, म्हणून उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्यांचीं भिंगें त्याचींच करतात. तेव्हां पारदर्शकपणा हा एकट्या वस्तूचा गुण नव्हे. वस्तु आणि तिच्यावर पडणारा प्रकाश या दोघांमधला तो संबंध आहे. ‘यांच्यांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं’ असें आपण म्हणतों, तेव्हां आपण आपल्या दिव्याविषयीं बोलत असतों.

मात्र येथेंही सावधगिरी हवी. हा किरण कांचेस स्पर्श करतो, तिला तापवितो. मात्रा वाढली तर कांच तडकेल. दुसऱ्याचें अंतरंग जाणण्यासाठीं त्यास चटके देऊन पाहणारे लोक जगांत कांहीं कमी नाहींत, आणि आपल्या या कृत्यास ते ‘परीक्षा’ असें भारदस्त नांव देतात. ल क्रूझोच्या रीतीचें मर्म तापविण्यांत नाहीं. अगदीं थोडी ऊबही दिसूं शकेल असा डोळा जवळ ठेवण्यांत आहे.

तिसरा उपाय पाण्याचा. २०१७ सालीं कांहीं संशोधकांनीं प्रकाशाचा नादच सोडून आर्किमिडीजकडे धांव घेतली. त्यांनीं वस्तु निरनिराळ्या बाजूंनीं पुन्हां पुन्हां पाण्यांत बुडविली, दर वेळीं पाणी किती वर चढतें तें मोजलें, आणि त्या सर्व मापांवरून तिचा आकार गणितानें काढला. वस्तु दिसो वा न दिसो, ती जागा तर व्यापतेच! आमच्या घरींही हें माप झालें, पण उलट्या दिशेनें. काकू गेल्यानंतर त्या वर्षीं लोणचें नासलें. दोन भावांमधला अबोला, जो पूर्वीं दोन दिवसांत मिटत असे, तो चार महिने टिकला. लग्न होऊन गेलेल्या मुलींचें माहेरीं येणें कमी झालें. पाणी किती खालीं गेलें यावरून त्यांनीं किती जागा व्यापिली होती हें आम्हांस कळूं लागलें. हें ज्ञान खरें, परंतु कांच शंभर वेळां बुडवून काढतां येते. माणसाच्या बाबतींत हा प्रयोग एकदांच होतो, आणि तोही त्याच्या उपयोगी पडत नाहीं.

शेवटीं एक प्रश्न उरतो. ज्यांनीं आयुष्यभर स्वतःचें कांहीं पुढें केलें नाहीं, त्यांचें माप घेण्याचा हा अट्टाहास तरी कशास? कदाचित् न मोजलें जाण्यांतच त्यांचा संतोष असेल. यास आमचें उत्तर दुहेरी आहे. पहिलें असें कीं, स्वतः होऊन मौन धरणें आणि कोणींच न विचारल्यामुळें मौन घडणें यांत फार अंतर आहे. न विचारणारानें आपल्या आळसास त्यांच्या संतोषाचें नांव देऊं नये. दुसरें उत्तर आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. कांच आरपार दिसते याचा अर्थ ती कांहींच करीत नाहीं असा नव्हे. तिच्यांतून जाणारा प्रत्येक किरण ती वांकविते. चष्म्याचें भिंग आपणांस दिसत नाहीं. परंतु त्याचा आकार चुकीचा असेल, तर त्यांतून दिसणारें सारें जग चुकतें. म्हणूनच भिंगांचें माप इतक्या काटेकोरपणें घेतात. ज्या माणसांच्या आडून आपण लहानपणीं जग पाहिलें, तीं माणसें आपलीं अशींच भिंगें असतात. घर हें आपोआप चालतें, अन्न वेळेवर आपोआप होतें, भांडणें दोन दिवसांत आपोआप मिटतात, असें जग आम्हांस बालपणीं दिसलें. तें तसें नव्हतें. तो काकूंचा बांक होता. आणि हें न कळल्यामुळें, पुढें आमच्या स्वतःच्या संसारांत जेव्हां कांहींच आपोआप होईना, तेव्हां आम्हीं कित्येक वर्षें त्याचा दोष आमच्या पत्नीस दिला. न मोजलेल्या भिंगाची किंमत दुसऱ्याच कोणास तरी द्यावी लागते, ती अशी.

आमच्या पुतणीनें तो प्रश्न सोडला नाहीं. ‘त्यांना काय आवडे?’ असें विचारून उपयोग नाहीं हें तिच्या लक्षांत आलें, तेव्हां ती निराळें विचारूं लागली: त्यांचा हात कधीं थांबत असे? त्यांना कधीं उशीर होत असे? शेजारच्या घरीं राहणाऱ्या एका वृद्ध बाईंस तें आठवलें. त्यांच्या मुलीस पेटी शिकविण्यासाठीं आठवड्यांतून दोनदां दुपारीं मास्तर येत. त्या दिवशीं काकू तांदळाचें सूप घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर येऊन बसत, आणि तेवढेच तांदूळ तासभर निवडीत. मुलीचा सूर चुकला, कीं त्यांचीं बोटें थांबत. सूर बरोबर लागला, कीं पुन्हां चालूं होत. त्या दिवशीं आमच्या घरीं दुपारचा चहा उशिरा होई. आम्ही त्याबद्दल कुरकुरत असूं, हेंही आम्हांस आतां आठवतें.

काकूंच्या आकाराचा एवढा एकच बिंदु आमच्या हातीं आला आहे. तेराव्या दिवशीं आम्ही दहा मिनिटें जें बोललों, त्यांत तो नव्हता.